यंत्र रुसत नाही

वेनलो, नेदरलँड्स
४ ऑगस्ट २०२४

ती. आबा,

तुम्हाला नमस्कार, आणि काकूला त्याहून वाकून.

पत्र बघून दचकू नका, माझं सगळं ठीक आहे. फोन केला की काकू स्पीकर लावते. मग शेजारची सुकन्या, डेअरीचा माणूस, पिठाच्या गिरणीवाला असे सगळे माझ्याशी बोलतात आणि तुमच्या वाट्याला "बरी हाईस न्हवं" एवढंच उरतं. मला तुमच्याशी भजनी मंडळाच्या कामाचं बोलायचंय, म्हणून कागद घेतला.

मी बियाणं कंपनीत ढोबळी मिरचीचे वाण तपासते ते तुम्हाला माहीत आहेच. ज्याच्या घरी वरच्या खोलीत राहते त्या घरमालकाचं नाव रूलोफ. वय साठीला टेकलेलं. दिवसा तो लहान मुलांना पोहायला शिकवतो. संध्याकाळी काळा अंगरखा घालून, डोळ्यांत काजळ भरून गॅरेजमध्ये गातो. इकडे गाण्याचा गॉथ नावाचा एक पंथ आहे. कपडे काळे, खोली अंधारी, आणि गाणी मरणाची, स्मशानाची, सोडून गेलेल्या माणसांची. रूलोफच्या बँडचं नाव काउडे आस, म्हणजे थंड राख.

येत्या जानेवारीत या थंड राखेला पस्तीस वर्षं होतील. त्यानिमित्त एक छोटं पुस्तक छापायचंय, आणि ते लिहायचं काम रूलोफनं माझ्या गळ्यात घातलंय. का, तर जुनी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत आणि मी कुणाच्याच बाजूची नाही.

आबा, काय सांगू तुम्हाला. सुरुवातीला चौघं होते. रूलोफ गायला, मराइके नावाची बाई साथीला, वाउटर ड्रमवर आणि एक बास गिटारवाला. बासवाले आतापर्यंत सात झाले. एक कर सल्लागार झाला. एकाला ऊन आवडायला लागलं म्हणून तो स्पेनला गेला, हे या पंथात बाटल्यासारखंच. मराइके १९९६ मध्ये तिसऱ्या बासवाल्याला घेऊन बाहेर पडली आणि तिनं 'खरी थंड राख' काढली. ती दीड वर्षात विझली.

टिकून राहिलं ते एकच. १९९३ मध्ये वाउटरला काढून त्यांनी ताल देणारं यंत्र आणलं, ते आजतागायत आहे. त्याला मेनेर टिक म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा टिकराव. पोस्टरवर त्याचं नाव असतं. रूलोफ म्हणतो, यंत्र वेळेवर येतं, पीत नाही आणि रुसत नाही. मला तर हा टिकराव फारच आवडला.

तुमचं भजनी मंडळ चाळीस वर्षं फुटलं कसं नाही, ते जरा लिहा. पुस्तकात घालता येईल. केशवकाका कसे आहेत? त्यांचा पखवाज ऐकून फार दिवस झाले.

तुमची
आसावरी

---

शेळगाव, ता. इंदापूर
२७ ऑगस्ट २०२४

चि. आसावरीस शेळगावहून भरघोस आशीर्वाद.

पत्र पोचले. इकडे पाऊसपाणी बरे आहे, डाळिंबावर तेल्या रोग नाही. तुझे वडील बारामतीहून रविवारी येऊन गेले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते मला शेती शिकवतात.

तुझ्या त्या मंडळाविषयी काही शंका आहेत. वर्षातून एकदा संक्रांतीला काळे घालतात हे ठीक, पण या लोकांची बाराही महिने संक्रांत दिसते. दुसरे असे की थंड राख म्हणजे तिसऱ्या दिवसाची, सावडायची. असे नाव ठेवल्यावर माणसे टिकतील कशी? आणि त्यांना मयताला बोलावतात का? आम्हालाही दहाव्याला, वर्षश्राद्धाला बोलावणे असते, पण तिथे कुणीतरी खरोखर गेलेले असते. धडधाकट माणसांपुढे उगाच मरणाचे गायचे हे मला पटत नाही.

मात्र टिकरावाची हकिकत वाचून फार समाधान झाले. तू शिकलेली मुलगी, परदेशात राहून तुला जे उमगले ते इथल्या लोकांना उमगत नाही. मीही मंडळासाठी बारामतीहून तबल्याचे मशीन आणले आहे. बटण दाबले की ठेका सुरू. केशव सध्या वडगाव निंबाळकरला लेकीकडे राहायला गेला आहे, म्हणून सोय केली इतकेच. तुझे पत्र मी मंडळात वाचून दाखवले. "यंत्र रुसत नाही" हे वाक्य तर दोनदा वाचले.

मंडळ न फुटण्याचे कारण विचारलेस. कारण एकच, म्होरक्या खमक्या पाहिजे.

तुझा
आबा

(मागच्या बाजूला)

आसावरी, ही मी काकू लिवते. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडं असतंय म्हून जमलं. केशवभाऊजी वडगावला बिडगावला कुठं गेलं न्हाईत. हितंच हायत, कॅनॉलच्या पल्याड. त्यांचा हात आता थोडा हलतोय, ताल मागंपुढं हुतोय. आबांनी त्यांना तोंडानं काय सांगितलं न्हाय. निमगाव केतकीला एका दहाव्याला भजन व्हतं, तितं केशवभाऊजींच्या जागेवर आबांनी गुपचूप त्ये मशीन नेऊन ठिवलं. भाऊजी आलं, बघितलं, पखवाजाला खोळ घातली आन गेलं. तवापास्नं दोघं बोलत न्हाईत. त्यात तू मशीनचं गुणगान लिवलंस. तुझं पत्र खिशात घालून गावभर दाखवत्यात. मार्गशीर्षातल्या सप्ताहाच्या आत भाऊजी आलं न्हाईत तर आता कवाच यायचं न्हाईत. तूच घातलास घोळ, तूच निस्तर. मी लिवलं हे त्यांना कळू दिऊ नको.

---

वेनलो
१५ सप्टेंबर २०२४

ती. आबा,

तुम्हा दोघांना मनापासून नमस्कार.

टिकरावाबद्दल मी घाईनं लिहिलं. शितावरून भाताची परीक्षा करायला गेले आणि ते शीत नेमकं कच्चं निघालं. आता जुन्या लोकांशी बोलल्यावर खरं कळतंय.

१९९८ मध्ये बेल्जियमला कार्यक्रम होता. शेवटचं गाणं संपलं, सगळ्यांनी वाकून नमस्कार केला, पडदा पडला, आणि टिकराव काही थांबेना. बटण अडकलं होतं. हॉलमधले दिवे लागले, लोक कोट घालून घरी निघाले, तरी आपला धडधड धडधड. शेवटी तिथल्या झाडलोट करणाऱ्या बाईनं वायर उपटली. रूलोफ ही गोष्ट सांगत नाही. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या मराइकेनं सांगितली, आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

दुसरं म्हणजे, रूलोफचा घसा आता मधूनच दाटतो. माणूस असता तर क्षणभर थांबला असता. यंत्र त्याला मागं टाकून पुढं निघून जातं. मग रूलोफ ओळ सोडून देतो आणि धावत त्याला गाठतो. यंत्र रुसत नाही हे खरं, पण ते कुणासाठी थांबतही नाही. हे वाक्य मंडळात तीनदा वाचा.

केशवकाकांना मला वेगळं पत्र टाकायचंय. त्यांच्या लेकीचा वडगावचा पत्ता तेवढा पाठवा.

आणि एक सल्ला हवाय. तो काढून टाकलेला वाउटर, तो इथूनच जवळ काचेच्या शेडमध्ये ढोबळी मिरची करतो. आमच्या कंपनीचंच बियाणं वापरतो. एकतीस वर्षांत तो रूलोफशी बोललेला नाही. त्याला जानेवारीतल्या पस्तीस वर्षांच्या कार्यक्रमाला कसं आणावं?

तुमची
आसावरी

---

शेळगाव
८ ऑक्टोबर २०२४

चि. आसावरीस आबांचा आशीर्वाद, नेहमीसारखाच.

तुझे पत्र मंडळात वाचायचे राहून गेले. चष्मा सापडला नाही.

केशवचा पत्ता विचारलास. वडगाव मोठे गाव आहे, तिथे पत्रे गहाळ होतात. तो यायचा तेव्हा येईल.

तुमच्या टिकरावाचे बटण अडकले, त्यात आमच्या मशीनचा काय दोष? आमचे नवे आहे. परवाच्या भजनाला जरा जलद ठेका लागला, त्यामुळे दोन तासांचा कार्यक्रम लवकर उरकला. लोक वेळेत जेवले. कुणाचीही तक्रार नाही.

आता त्या वाउटरचे. तू लहान आहेस म्हणून सांगतो. वादक माणूस निरोपावर येत नसतो. फोनवर तर मुळीच येत नसतो. त्याला बोलावणे लागते. नारळ घेऊन त्याच्या दारात जायचे, नारळ हातात द्यायचा आणि "तुमच्याशिवाय शोभा नाही" असे म्हणायचे. मग तो आधी नाही म्हणतो, चहा होतो, आणि मग येतो. ज्याने काढले त्यानेच जायला हवे हे उत्तम. तो अडून बसला तर तू जा. पण रूलोफला माझ्यातर्फे सांग, मोठेपणा घरी ठेवून दुसऱ्याच्या दारात जावे, त्यात माणूस लहान होत नाही.

मार्गशीर्षात सप्ताह आहे, दत्त जयंतीला समाप्ती. तयारी जोरात आहे.

तुझा
आबा

(मागच्या बाजूला)

काकू लिवते. जलद ठेका लागला म्हंजी मशीनचं वेगाचं बटण अडाकलं. गेणूतात्यांचं वय काय, आन त्यांना असं पळवलं. टाळ वाजवून वाजवून धापा टाकाय लागलं, त्यांना मधीच पाणी पाजावं लागलं. सिद्धूनं पेटीवरची बोटंच उचलली. जेवाय लवकर बसलं ते दमून बसलं.

एकादशीला मी सवयीनं पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावाय कणीक भिजवली. इतकी वर्सं माझ्याच हातची कणीक लागती भाऊजींच्या पखवाजाला. आबा म्हणालं, "मशीनला कणीक लागत न्हाय." मग गोळा म्हशीला घातला. आबा उठून भाईर गेलं. जेवलं न्हाईत धड. दुसऱ्याच्या दारात जावं म्हून तुला लिवत्यात, आन सवता कॅनॉलचा पूल सोडून लांबच्या वाटंनं रानात जात्यात. कायतर कर बाई.

---

वेनलो
३० ऑक्टोबर २०२४

ती. आबा,

दिवाळीचा नमस्कार. काकूच्या हातच्या चकलीची आठवण मी काढत नाही, काढली की काम होत नाही.

तुमच्या सांगण्याप्रमाणे नारळ घेऊन वाउटरच्या शेडमध्ये गेले. नारळ मिळवायला तीन दुकानं फिरले. वाउटर उंच, थोराड माणूस, हाताला मिरचीच्या पानांचा हिरवा रंग. मी नारळ हातात दिला आणि रूलोफच्या बँडचं बोलावणं घेऊन आलेय म्हटलं. त्यानं नारळ वरखाली करून वजन बघितलं आणि विचारलं, "हा त्याच्या डोक्यात फोडायचा का?" मी म्हटलं, आमच्यात तशी पद्धत नाही. मग त्यानं कॉफी केली.

आबा, त्यानं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. तो म्हणाला, "मी वाईट वाजवत होतो. मनगट मोडल्यावर माझा ताल घसरायला लागला होता, ते मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. मी रोज वाट बघायचो की रूलोफ आज बोलेल. लहानपणापासूनचा मित्र आहे, तोच सांगणार ना. एका संध्याकाळी गॅरेजात गेलो तर माझ्या स्टुलावर एक डबा ठेवलेला. सगळे खाली मान घालून वायरी जोडत होते. मला काढलं त्याचं वाईट वाटलं नाही. मला सांगायच्या लायकीचाही समजला नाही, त्याचं वाटलं."

त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले. सांगायला काय लाजायचं.

मग मी रूलोफला पाठवलं. तो गेला बरं का. अंगात काळा कोट, डोळ्यांत काजळ, आणि उभा राहिला मिरचीच्या ओळींत. तासभर दोघं मिरचीवरच बोलले. वाण कुठला, तापमान किती ठेवतोस, किडीला काय करतोस. मूळ विषय ओठांपर्यंत येईना. शेवटी रूलोफ एक क्रेट मिरची विकत घेऊन परत आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला, पुन्हा क्रेट घेऊन आला. आता आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ ढोबळी मिरची शिजते. मी तिला बेसन लावून बघितलं, भरून बघितलं, आता माझ्याकडची कृती संपली.

काल रूलोफ पायरीवर बसून मला म्हणाला, "पहिलं वाक्य काय म्हणायचं तेच कळत नाही. पहिलं वाक्य सापडलं तर पुढचं मी बोलेन."

मी त्याला सांगितलंय, माझे आबा चाळीस वर्षं मंडळ सांभाळतात, त्यांना ठाऊक असेल. आता तो रोज पोस्टाची पेटी बघतो. आबा, नारळ दिल्यावर काय म्हणायचं ते तुम्ही सांगितलंत, पण ते वादकाला म्हणायचं वाक्य झालं. मित्राच्या जागेवर आपणच डबा ठेवला असेल, तर त्याच्या दारात गेल्यावर पहिलं वाक्य काय म्हणावं? तुमच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला असणार.

वाट बघते.

तुमची
आसावरी

---

शेळगाव
२५ नोव्हेंबर

आसावरी, ही चिठ्ठी मी एकटीच टाकते. आबांना ठावं न्हाय.

तुझं पत्र आलं त्या दिवसापास्नं आबा नुसतं कागद घिऊन बसत्यात. तीनदा लिवाय बसलं, तीनदा कागद फाडला. "डबा" असं लिवत्यात आन थांबत्यात. मला इचारलं, "छबू, तू पोरीला काय कळवलंस व्हय?" मी म्हणलं, मला कुठं लिवता येतंय एवढं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी भाकरीकडं बघितलं.

काल पुलापतूर जाऊन माघारी आलं. येताना केशवभाऊजींच्या शेजारणीकडनं वांगी घिऊन आलं. घरात आधीच पाटीभर वांगी हायती.

काकू

---

शेळगाव
१७ डिसेंबर २०२४

चि. आसावरी,

आशीर्वाद आहेतच. उशीर झाला, कारण रूलोफला वाक्य कळवायचे तर आधी ते वापरून बघायला हवे होते. न वापरलेले औषध मी झाडालाही मारत नाही.

केशव वडगावला गेला नव्हता. ते तुला ठाऊक होते, आणि ते तुला कुणी कळवले तेही आता मला ठाऊक आहे. त्या बाबतीत घरात बोलणे झाले. त्यात मी हरलो.

मी दुपारी गेलो. केशव टोमॅटोला सुतळी बांधत होता. नारळ नेला होता, तो बांधावर ठेवला. आधी टोमॅटोवर बोललो. करपा आहे का, बाजार काय लागेल. मग मला तुमचा रूलोफ आठवला आणि माझीच मला शरम वाटली. घरात वांगी होतीच, आता टोमॅटो घेऊन गेलो असतो तर तुझ्या काकूने मलाच शिजवले असते.

म्हणून म्हणालो, "केशव, तुझा ताल हलाय लागलाय."

हेच पहिले वाक्य. माफीचे नव्हे. जे तेव्हा बोलायचे राहिले होते तेच.

त्याने सुतळीची गाठ पुरी केली. म्हणाला, "दोन वर्सं झाली. मला ठावं न्हाय व्हय? तू कवा सांगतूस म्हून थांबलो व्हतो. तर तू मशीन आणून ठिवलंस माझ्या जागंवर. दहाव्याला आलेल्या लोकांच्या म्होरं."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"चुकलंच." मग दुसरी सुतळी घेत म्हणाला, "कुंडलिक, आता मी बी एक सांगतो. तुझा सूर गेलाय. त्याला वीस वर्सं झाली. मी आणलं का कुठलं मशीन?"

मला आधी वाटले, रागाने बोलतोय. पण तो शांत होता. म्हणाला, "तू वरच्या पट्टीत गेलास की मी थाप कशापायी वाढवतो, सांग की."

पोरी, मला वीस वर्षे वाटत होते की माझा आवाज चढला की केशवला चेव येतो. मी मंडळात तसे सांगतही असे. गेणूतात्या, सिद्धू, सगळे मान डोलवायचे. त्या सगळ्यांना ठाऊक होते. सूर फाटतो तो लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून हा माणूस वीस वर्षे पखवाज बडवत होता. हात हलायला लागले ते उगाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझी मूठ दुसराच कुणी धरून बसला होता, आणि मी त्याच्याच जागेवर डबा ठेवला. मी बांधावर बसलो आणि रडलो. केशव म्हणाला, "टोमॅटोवर पडशील, सरक."

मशीन बारामतीला परत द्यायला गेलो तर दुकानदार घेईना. तुझ्या काकूने ते गोठ्यात लावले आहे. ठेका सुरू असला की म्हैस धार काढताना पाय झाडत नाही, असे तिचे म्हणणे.

दत्त जयंतीला सप्ताहाची समाप्ती झाली. केशव आला, नवी खोळ शिवून घेतली होती. काकूने कणीक भिजवली ती चार पखवाजांना पुरेल एवढी. भजन रंगले. मधे केशव घसरला तेव्हा मी गजर तिथेच आवरता घेतला, कुणाला कळले नाही. शेवटच्या अभंगाला मी सवयीने वरच्या पट्टीत चढलो. तेव्हा केशवने मुद्दाम थाप अगदी बारीक केली. पहिल्यांदाच मला माझा आवाज ऐकू आला. आसावरी, तो फारच वाईट होता. समोर बायकामाणसे बसलेली, तुझे वडील बसलेले, आणि मला खाली उतरायची वाट सापडेना. मी केशवकडे बघितले. तो हसला, आणि त्याने थाप वाढवली.

तुझा
आबा